पाठ पहिला : घरच्यांना विचारा

हिंगोली डेपोतला कंडक्टर देविदास राठोड याचं एक मत पक्कं होतं: ज्या गावाला एसटीचा थांबा नाही, ते गाव नाही. वसमतच्या आणि नांदेडच्या वाटेवरचे सगळे थांबे त्याला तोंडपाठ होते. कुठल्या फाट्यावर कोणती म्हातारी हात करते आणि कुठे नुसत्या बाभळीखाली माणसं उभी राहतात, हेही त्याला ठाऊक होतं. १९९२ साली डेपोत अर्जामागून अर्ज करून त्यानं आपल्या तांड्याच्या फाट्यावर विनंती थांबा मिळवला. पत्र्याची पाटी रंगवून घेतली, तिच्यावर ‘धर्मसिंग तांडा’ असं लिहवून घेतलं आणि स्वतः खड्डा खणून ती रोवली. धर्मसिंग हे तांड्याचे नाईक. तांडा नाइकाच्या नावानं ओळखला जातो, त्यात विशेष काही नाही.

अशा माणसावर २००३ साली एक गाव शोधत भटकायची पाळी आली, आणि ते गाव काही केल्या सापडेना.

झालं असं, की थोरल्या लेकीचा, नीलमचा, वसमतला डी.एड.ला नंबर लागला. तांड्यातून मास्तरीण होणारी ती पहिलीच पोरगी. पण प्रवेश कच्चा होता. मार्चअखेरपर्यंत जातीच्या दाखल्याची पडताळणी करून आणायची, नाहीतर जागा गेली. पडताळणीला १९६१च्या आधीचा पुरावा हवा, तोही बापाचा किंवा आजाचा, शिवाय वंशावळ. देविदासचा बाप तो दीड वर्षाचा असतानाच वारला होता. घरात बापाचा फोटोसुद्धा नव्हता, कागद कुठला असणार?

तेव्हा देविदासनं हिंगोलीच्या स्टँडवरून एक पुस्तक घेतलं. ‘आपली वंशावळ आपणच शोधा’, आणि खाली बारीक अक्षरात ‘नवशिक्यांसाठी’. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवशिका म्हणवून घेणं त्याला फारसं रुचलं नाही, तरी त्यानं पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि तिकिटांच्या पेटीत ठेवलं.

पुस्तक कुणा निवृत्त साहेबांनी लिहिलं होतं. पाठ पहिला: घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीशी प्रेमानं बोला आणि सोबतचा तक्ता भरा. देविदासनं सुट्टीच्या दिवशी आईला, भिकाबाईला, समोर बसवलं. ती काचा लावलेल्या जुन्या ओढणीची उसवलेली किनार शिवत होती.

‘पतीचे संपूर्ण नाव,’ त्यानं वाचलं.

भिकाबाईनं डोक्यावरची ओढणी आणखी पुढे ओढली आणि दोरा तोडला.

‘सासऱ्याचे नाव. चुलत सासऱ्याचे नाव.’

भिकाबाईनं सुईत नवा दोरा ओवला. नवऱ्याचं, सासऱ्याचं, घरातल्या कुठल्याही थोरल्या पुरुषाचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबांच्या घरी बाया नावं घडाघडा सांगत असतील. इथे तक्त्याचे पहिले तीन रकाने तसेच कोरे राहिले. मग मूळ गाव कोणतं, असं विचारलं, तर ती म्हणाली, ‘तांडा.’ कोणता तांडा? ‘तांडाच की.’

देविदासचं डोकं फिरलं. बापाचं आणि आजाचं नाव तर त्यालाही येत होतं, प्रेमसिंग आणि लालसिंग. ती नावं त्यानं स्वतःच लिहिली, बाकी सगळ्यापुढे ‘माहीत नाही’ असं ठोकलं आणि पुढचं पान उलटलं. म्हातारीला काही सांगता येत नाही, हा निकाल त्या दिवशी लागला आणि पुढे सहा महिने कायम राहिला.

पाठ दुसरा: घराण्याच्या पेटाऱ्यातील जुनी दप्तरे तपासा. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. दप्तर लादायची त्यांना काय गरज? पाठ तिसरा: तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडे वंशाच्या वह्या असतात. देविदास पास काढून नाशिकला जाऊन आला. गुरुजींनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘मूळ गाव?’ आणि हा गेला तसा परत आला. रागाच्या भरात त्यानं दुसरं पुस्तक घेतलं. तेही नवशिक्यांसाठीच होतं आणि त्यातही पाठ पहिला तोच होता. तो त्यानं वाचलासुद्धा नाही.

हिंगोली जिल्हा नवा, जुनी दप्तरं जुन्या जिल्ह्याच्या गावी, म्हणून दोनदा परभणीही झाली. शेवटी एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात नोंद सापडली. फसली सन १३५०, म्हणजे निजामाच्या काळातली, उर्दूत लिहिलेली. हिंगोलीच्या एका निवृत्त मौलवींनी ती वाचून मराठीत उतरवून दिली: प्रेमसिंग वल्द लालसिंग, जात लमाण, राहणार भिवाजी तांडा. बाप शाळेत गेला होता, हेच देविदासला पहिल्यांदा कळत होतं. स्टँडवर येईपर्यंत त्यानं तो कागद चार वेळा उघडून पाहिला.

पडताळणीच्या कचेरीतल्या कारकुनानं मात्र एकदाच पाहिला. म्हणाला, तुम्ही धर्मसिंग तांड्याचे, हा प्रेमसिंग भिवाजी तांड्याचा. लालसिंगचा प्रेमसिंग काय, दर तांड्यात सापडेल. हा तुमचाच बाप कशावरून? आधी भिवाजी तांडा शोधा, तिथला संबंध दाखवा. माणूस उद्धट नव्हता, चहाही पाजला त्यानं, आणि त्यामुळे देविदासला भांडताही आलं नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. डोंगरकड्याच्या बाजारात, वसमतच्या मोंढ्यात, कळमनुरीच्या फाट्यावर, जिथे कुणी बंजारा प्रवासी चढेल तिथे तिकीट फाडता फाडता हा विचारायचा, भिवाजी तांडा कुठे आला हो? कुणी पुसदकडे बोट दाखवलं, कुणी किनवटकडे. पुसदकडचा भिवा तांडा निघाला आणि तिथे सगळे चव्हाण होते. किनवटकडे तर तांडाच नव्हता, वीटभट्टी होती. दर रजेला एक गाव आणि दर गावाला एक फुकटचा हेलपाटा. गाडीतले ओळखीचे प्रवासी चिडवू लागले, की मास्तर, सापडलं का तुमचं गाव, न्हाईतर आमीच एक वसवतो. देविदास हसायचा नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळं तो जगाला विचारत होता, पण आपल्या तांड्यात एका माणसाला विचारत नव्हता. कारण होतंच तसं. राठोडाचा कागद अडकला, त्याच्या बापाचं गाव दुसरंच निघालं, एवढं जरी फुटलं असतं तरी लोकांनी हे घर आपलं की बाहेरून आलेलं, इथपासून सुरुवात केली असती. पोरींची लग्नं व्हायची होती. म्हणून घरातही ‘काम चालू आहे’ याच्यापलीकडे तो बोलत नसे. कागद पेटीत, पेटी काखेत.

डिसेंबर संपत आला. नीलमला वर्गात दोनदा उभं करून दाखल्याचं विचारून झालं होतं. ती सुट्टीला घरी आली आणि बाप आंघोळीला गेल्यावर तिनं पेटी उघडली. आजी अंगणात तूर पाखडत होती. नीलम उंबऱ्यावर बसून मौलवींनी उतरवलेला तो कागद मोठ्यानं वाचू लागली, जशी ती धडे वाचायची.

भिकाबाईच्या हातातलं सूप थांबलं. ‘गाव कोणतं म्हणालीस? पुन्हा वाच.’

नीलमनं पुन्हा वाचलं.

देविदास ओल्या डोक्यानं बाहेर आला तेव्हा आई त्याच्याकडे बघत होती. घरात गोरमाटी बोली चालायची, पण देविदास चिडला की मराठीवर यायचा, आणि त्याला झापायचं असलं की तीही मराठीच काढायची. आता तिनं मराठीच काढली.

‘हे गाव शोधून राहिलास तू? सहा महिने?’

‘व्हय. तुला काय ठाव त्याचं?’

‘त्या गावात बसून जेवून राहिला रोज, आन् गाव शोधून राहिला.’

मग तिनं सांगितलं. ती चौदा वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा तांड्याचे नाईक होते तिचे थोरले चुलत सासरे. तांडा त्यांच्याच नावाचा. त्यांच्यासमोर ती कधी तोंड उघडं ठेवून उभी राहिली नाही, मग नाव कुठून घेणार? म्हणून ती नुसतं ‘तांडा’ म्हणायची. देविदास जन्मायच्या आदल्या वर्षी नाईक वारले, नाइकी धर्मसिंगांच्या बापाकडे गेली, तिथून धर्मसिंगांकडे, आणि तांड्याचं नाव तसं तसं बदलत गेलं. बाकीचे पुरुष नवं नाव घेऊ लागले. ती मात्र ‘तांडा’च म्हणत राहिली.

‘मंग त्या दिवशी सांगितलं काहून न्हाई?’ देविदास ओरडला.

‘तू नाव इचारलं. गोष्ट कुटं इचारली?’

देविदासनं दोन्ही पुस्तकं उचलून चुलीजवळच्या सरपणावर फेकली. थोड्या वेळानं पहिलं परत उचललं, कारण तक्ता त्यातच होता.

तो त्याच दिवशी धर्मसिंग नाइकांच्या ओट्यावर गेला. त्यांनी वंशावळ खरी असल्याची सही हसत हसत दिली आणि एवढ्यासाठी किनवट गाठलं म्हणून वर टिंगलही केली. कागद कचेरीत गेले. फेब्रुवारीत चौकशीचे साहेब तांड्यावर आले आणि कडुनिंबाखाली बाजेवर बसले. सह्या ठीक आहेत, म्हणाले, पण घरात तो काळ पाहिलेली आजी जिवंत आहे, तर जबाब तिचाच हवा. तिच्याच तोंडून, मधे कुणी सांगायचं नाही.

देविदासनं रीत समजावून सांगितली. साहेबांनी ती ऐकून घेतली. रीत मला मान्य आहे, म्हणाले, पण तुमच्या तोंडचं मी त्यांच्या नावावर कसं लिहू?

भिकाबाई दाराशी बसली होती. तिनं नीलमकडे पाहिलं. नीलमची मान खाली होती. मग भिकाबाईनं पदर कपाळाखाली ओढला, हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि म्हणाली, ‘लिव्हा.’

‘तांडा, भिवाजी नाइकाचा. माझे थोरले सासरे. त्यांचे भाऊ, माझे सासरे, लालसिंग.’ इथे ती थांबली. ‘अन् माझे मालक.’

साहेबांचं पेन थांबलं.

‘प्रेमसिंग,’ ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता, की साहेबांना ऐकूच गेलं नाही. ‘आजी, जरा मोठ्यानं. पुन्हा एकदा.’

देविदासला वाटलं, पेटी उचलून त्या माणसाच्या डोक्यात घालावी. पण भिकाबाईनं मान वर केली आणि स्वच्छ म्हटलं, ‘प्रेमसिंग.’

हे नाव देविदासनं उभ्या आयुष्यात हजारदा लिहिलं असेल, दाखल्यांवर, अर्जांवर, पगारपत्रकावर. प्रत्येक वेळी ते मधलं नाव होतं. आईच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं तेव्हा शेतातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसं निघालं, आणि आपल्याला बाप होता, हे देविदासला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा खरं वाटलं. तो गोठ्याच्या मागे निघून गेला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पडताळणीचा कागद आला. नीलमची जागा पक्की झाली. कागद आईच्या हातात देत देविदासनं सांगितलं, की झालं, संपलं एकदाचं.

तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला. ‘आता पुन्हा न्हाई ना घ्यावं लागत?’

‘काय?’

‘त्यांचं नाव.’

धाकटी लेक शीला दहावीत होती. प्रत्येक लेकराची पडताळणी वेगळी, चौकशी वेगळी, हे देविदासला एव्हाना चांगलं ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘न्हाई लागत.’

मग त्यानं ते पहिलं पुस्तक काढलं, पाठ पहिल्यातला तक्ता पानासकट फाडून घेतला आणि त्यावर सगळी नावं, सगळे नाईक, तांड्याची सगळी नावं स्वतःच्या हातानं लिहिली. खाली आईचा अंगठा घेतला, आणि साहेबांनी घेतलेल्या तिच्या जबाबाची नक्कल मागणारा अर्ज लिहायला बसला, म्हणजे पुढच्या वेळी तिला कुणी विचारायला नको.