एलियामानी काकांना खाली उतरवलं

मारंगू गावची आइकांडे पाठीवर पहिलं ओझं घेऊन किलिमांजारो चढली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. नवरा घर सोडून गेलेला, दोन मुली आईच्या स्वाधीन. हमालीचं काम मिळालं ते चुलत्यामुळे. एलियामानी काका तीस वर्षं वाटाडे होते आणि डोंगर पट्ट्यापट्ट्याने शिकवायचे. खालच्या जंगलात सकाळ कितीही कोरडी असली तरी दुपारी पाऊस गाठणार, म्हणून रेनकोट ओझ्यात वरच ठेवायचा. झुडपांच्या पट्ट्यात ढग पायाखाली गेले की ऊन चटके देतं आणि सावलीत हुडहुडी भरते. त्याच्या वरच्या उजाड मैदानात तहान नसली तरी पाणी प्यायचं, कारण तिथला वारा माणसाला नकळत सुकवतो.

कामाच्या आठव्या वर्षी ती त्यांच्या हाताखाली वाटाडी होती. दोन डच बहिणींना घेऊन चढाई चाललेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, त्याच मैदानात, काका वाट सोडून डावीकडे झुकत चालले आहेत हे तिच्या लक्षात आलं. बुटाची नाडी बांधायला ते खाली बसले, आणि बसूनच राहिले. मग त्यांनी तिला तिच्या बापाच्या नावाने हाक मारली. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती.

उंचीवरची विरळ हवा मेंदूला बाधली की तोल जातो आणि लगेच खाली उतरवणं हाच उपाय; ते तपासायला तिने त्यांना पावलापुढे पाऊल टाकत सरळ चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तोल गेला.

"कालची पोर तू," ते म्हणाले, "मला चालायला शिकवतेस?"

हमाल जमिनीकडे बघत उभे राहिले. काकांना हुकूम करायची कोणाची छाती नव्हती.

"चिडा, काका. पण चिडायचं ते खाली जाऊन," ती म्हणाली आणि दोघा हमालांना काकांच्या बखोटीला धरायला लावलं.

तिच्याशिवाय दुसरा वाटाड्या नव्हता, त्यामुळे बहिणींनाही परतावं लागणार होतं. थोरलीने खूप वाद घातला. आपण दोन वर्षं तयारी केली होती, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आइकांडेने ऐकून घेतलं, पण निर्णय बदलला नाही. झुडपांच्या पट्ट्यात धुक्यात शिरल्यावर काकांनी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी जंगलातल्या चिखलात ते कोणाच्या आधाराशिवाय चालले.

बहिणींनी तक्रार केली आणि चढाया नेणाऱ्या कंपनीने आइकांडेला दोन महिने घरी बसवलं. काका गावभर सांगत सुटले की त्या दिवशी पोट बिघडलं होतं, बाकी काही नाही. ती समोर आली की ते वाट बदलायचे. तिला ते लागलं. आईजवळ एकदा रडलीही.

मग तिला कामावर बोलावणं आलं. कंपनीच्या कारकुनाने सांगितलं की म्हातारा स्वतः येऊन गेला. साहेबासमोर बसून म्हणाला, "मी मरायला चाललो होतो आणि माझं मलाच कळत नव्हतं. तिला कळलं. आता माझ्या जागी तिला घ्या."

काका पुन्हा डोंगरावर गेले नाहीत. केळीची आणि कॉफीची बाग बघतात. आइकांडेशी बोलतात, पण त्या दिवसाबद्दल तिच्यासमोर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. चढाईवर निघताना ती त्यांच्या अंगणातून जाते. ते वर बघून ढग कुठवर आलेत ते सांगतात. कधीकधी चुकीचं सांगतात. ती "बरं" म्हणते आणि निघते.