आईसाठी मिस्सा

नोव्हेंबर आला की आमच्या घरात शेवंती आणि भांडण एकाच पिशवीतून येतात. मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली, नवरा म्हैसूरचा कॅथलिक. लग्नाच्या वेळी सगळे म्हणाले, देव तर एकच आहे. आहे हो एकच, पण त्याच्यापाशी पोचायचं कसं, यावर म्हैसुरातल्या विजयनगर भागातल्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात रोज सकाळी सभा भरायची.

एका बाजूला पप्पा, निवृत्त शाळामास्तर, आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेले. दुसऱ्या बाजूला माझ्या सासूबाई. त्यांची घरची भाषा कोकणी, पण उमेदीची सगळी वर्षं तिथल्याच नजरबाद भागात मराठी शिंप्यांच्या दुकानात शिवणकाम करण्यात गेलेली, म्हणून मराठी येते, कानडी मिसळलेली. पप्पांचं म्हणणं, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासानं. देवानं निकाल दिला की दिला, त्यात आपल्या सत्कर्मांची भर घालायला जाऊ नये. सासूबाईंचं म्हणणं, कृपा देवाचीच, पण ती माणसाला आतून बदलते. ते काम जन्मभर चालतं आणि मेल्यावरही थोडं बाकी राहतं, म्हणून मागच्यांनी मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची.

“देव खोटं बोलतो काय, मास्तर?” त्या डोशाचं पीठ ढवळत विचारायच्या. “मळलेलं कापड बघून स्वच्छ आहे म्हणतो, आणि धूतच नाही?”

“आधी घरात घेतो, विहीणबाई. आंघोळ मागाहून घालतो.”

“तेच सांगते मी, नोडी, बघा! आंघोळ आहे ना पण?”

मी डबा भरता भरता हसायची. दोघांनाही दुसऱ्याला हरवायचं नव्हतं, सकाळ घालवायची होती.

यंदा मात्र बिनसलं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कॅथलिक लोक दफनभूमीत जातात, थडगी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि फादर तिथेच मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, करतात. व्याह्यांना, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांना, फुलं वाहायला पप्पाही आले, शेवंतीची टोपली धरून. उपासनेत फादर घरोघरच्या मृतांची नावं वाचू लागले. सासूबाईंनी त्यांच्या यजमानांच्या नावासोबत माझ्या आईचंही नाव देऊन ठेवलं होतं. न विचारता, अगदी प्रेमानं, डब्यात आपल्याकडचा लाडू घालावा तसं. पप्पांना कानडी कळत नाही, पण बायकोचं नाव कळलं. त्यांनी टोपली हाताशी होती त्या कुणा परक्याच्या थडग्यावर ठेवली आणि फाटकाबाहेर निघून गेले.

“माझी बायको रांगेत उभी नाहीये, विहीणबाई!” घरी आल्यावर ते ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. “तिचा निकाल लागलाय. पुन्हा तिचं नाव घ्यायचं नाही.”

सासूबाई नुसतं “अय्यो” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर सकाळची सभा बंद. पप्पा गच्चीवर येरझाऱ्या घालायचे, त्यांच्या चपलांचा आवाज माझ्या डोक्यात वाजत राहायचा. सासूबाईंच्या सांबारात मीठ कधी जास्त, कधी नाहीच. मी दोघांवर मनातल्या मनात चिडत होते. इकडे आड, तिकडे विहीर. संस्कारानं मी पप्पांच्या बाजूची, पण त्या दफनभूमीत आईचं नाव मोठ्यानं ऐकून मला बरं वाटलं होतं. किती दिवसांनी ते नाव कुणी उच्चारलं होतं! हे पप्पांना सांगायची छाती होत नव्हती.

एका रविवारी पप्पा आपणहून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

“ती शेवटी प्रार्थना करू द्यायची नाही,” ते म्हणाले. “मी पुस्तक उघडलं की म्हणायची, मिटा ते. चर्चचे पाळक प्रभुभोजनाची भाकर घेऊन घरी आले, तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी जन्मभर शिकवलं, विश्वासानं माणूस वाचतो. आणि तिचा विश्वासच उरला नसेल तर?”

मला हे ठाऊक नव्हतं. आई शांतपणे गेली, असंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांच्या शिकवणीत आता तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरत नव्हतं, आणि तो माणूस गच्चीवर त्याच एका विचाराभोवती फिरत होता.

सासूबाईंनी गॅस बंद केला. त्या आता वाद घालतील असं मला वाटलं होतं. “आमचे हे गेले ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी रोज मिस्साला जायची. गुडघे टेकायची, सगळं करायची. आत विश्वास काही नाही, सुम्ने, उगीच जायची. ते देवानं जमेस धरलं का नाही, गोत्तिल्ला मास्तर. मला माहीत नाही.”

पप्पांनी विचारलं, “या महिन्यात नावं रोज वाचतात?”

“रोज.”

“मी आत येणार नाही. ते मला पटत नाही.”

“नका येऊ. कोण ओढतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन आत गेल्या. पप्पा मागच्या सीटवर स्वेटर घालून, हाताची घडी घालून बसले होते, समोर बघत. चर्चची दारं उघडीच होती. फादरांचा आवाज अस्पष्ट येत होता, एकामागून एक नावं. मी आरशात पप्पांकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“काच जरा खाली कर,” ते म्हणाले.