राणेकाकींचा साबण आणि पाव्हणे

राणेकाकी दिवेलागणीनंतर कुणाला विरजण देत नसत. मीठ, सुई, विरजण यांतलं काही तिन्हीसांजेला घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या सासूची शिकवण. ती पाळणाऱ्या बायका आमच्या चारकोपच्या सोसायटीत आणखीही होत्या, पण तोच नियम आंबवलेल्या चहाच्या बरणीला लावणाऱ्या काकी एकट्याच. मागच्या लाइनीतली एक मुलगी ऑफिसातून येताना वाट वाकडी करून ‘काकी, कोंबुचाचा एक तुकडा द्या ना’ म्हणत दारात उभी राहिली. काकींनी तिला पाणी दिलं, रव्याचा लाडू दिला आणि वर सांगितलं, “उद्या सकाळी ये गो. म्हातारी आता झोपली.”

म्हातारी म्हणजे बरणीतल्या चहावर धरलेली जाड, पांढुरकी साय. गार झालेल्या गोड कोऱ्या चहात ती सोडायची, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात विसरून जायची. चहा आंबतो आणि सायीला खालून नवी साय धरते. हल्ली हे पेय मॉलमध्ये बाटलीत मिळतं आणि ते पिणारे लोक त्याबद्दल जरा जास्तच बोलतात. काकींकडे ते आलं त्यांच्या चेंबूरच्या भाचीकडून, प्राचीकडून. ‘मावशी, तब्येतीला चांगलं असतं,’ असं ती म्हणाली होती. काकींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ‘ह्याच्यापेक्षा कालची सोलकढी बरी’ असा निकाल दिला. पण खाण्यापिण्याची वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे बरणी राहिली, चहा आणखी आंबट होत गेला आणि म्हातारी आणखी गुटगुटीत झाली.

“आंबला म्हणजे संपला नाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्या इडलीच्या पिठाबद्दल म्हणत, उसाच्या रसाबद्दल म्हणत, आणि माझी धाकटी बहीण नवऱ्याशी भांडून माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या संसाराबद्दलही म्हणाल्या होत्या. बहिणीला राग आला होता. पुढे ती परत गेली आणि आता बरी नांदते आहे, पण ते श्रेय मी काकींच्या वाक्याला देणार नाही.

त्या चहाचा साबण करायचं डोक्यात आलं ते काकांमुळे. वसंत राणे, काकींचे यजमान. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कांदिवलीच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी केली, आणि निवृत्त होऊन चार घटका निवांत बसायची वेळ आली तेव्हा त्यांचं विस्मरण सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घर. अंगाला खाज फार सुटायची. डॉक्टरांनी सौम्य साबण वापरा म्हटलं, पण दुकानातला कुठलाही साबण पुढे केला की काका तो हुंगून परत द्यायचे. “ह्यो वास बायकांचो. माका नको.” प्राचीने फोनवर सांगितलं की परदेशात लोक हा आंबट चहा घालून साबण करतात. काकींकडे चहा होता, गावाहून आलेलं स्वतःच्या माडांचं घाण्यावरचं खोबरेल तेल होतं, आणि काकांची खाज होती. त्यांना एवढं पुरेसं वाटलं.

पहिल्या घाण्याची वाट लागली. काकींनी आयुष्यात कधी काही मोजून केलं नव्हतं. मालवणी माणूस माशाच्या कढीत मीठ टाकताना चमचा शोधत नाही, आणि त्याच भरवशावर त्यांनी कॉस्टिक सोडाही चिमटीच्या हिशेबात धरला. वर तो ओतला नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टोपात, ज्यात त्यांचा पेजेचा भात व्हायचा. टोप फसफसला, काळा पडला, आणि चौकात असा उग्र वास सुटला की पोरं खेळ सोडून घरात पळाली. काकी मात्र बाजूला उभ्या राहून टोपाकडे बघत होत्या. “माझ्या लग्नातलो टोप,” एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्टीलचं पातेलं आणि वजनाचा छोटा काटा घेऊन आल्या.

मग मात्र त्या शिकल्या. चहा आधी उकळून त्यातला वायू घालवायचा, आटवायचा, फ्रिजरमध्ये ठेवून बर्फ करायचा. त्या बर्फावर सोडा थोडा थोडा सोडायचा, कारण गरम चहात टाकला तर तो उसळतो. हे सगळं चौकात, उघड्यावर, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. त्या वेशात त्या हुबेहूब महापालिकेच्या फवारणीवाल्यासारख्या दिसत. ‘खिडक्या लावून घ्या गो’ अशी हाळी आली की आम्ही खिडक्या लावायचो. तेलात ते सोड्याचं पाणी मिसळून घुसळलं की मिश्रण कस्टर्डसारखं दाट व्हायचं. मग ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ओतायचं आणि पुढे महिना-दीड महिना वड्या पाडून फळीवर वाळत ठेवायच्या. चहाचा ना रंग उरायचा ना वास. उरायचा एक फिकट, गुळासारखा तपकिरीपणा. मी एकदा विचारलं की मग चहा घालायचाच कशाला? “आंबट खाराक खाता. साबण मऊ पडता,” काकी म्हणाल्या. ते बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. साबण मऊ होता हे खरं.

पण साबण तयार झाला तोवर काकांची अडचण खाजेच्या पलीकडे गेली होती. ते स्वतःच्या घरात पाहुणे झाले होते. सकाळी उठून पलंगाच्या कडेला अवघडून बसत, दिलेला चहा ‘कशाक उगीच त्रास’ म्हणत घेत, आणि संध्याकाळ झाली की चपला शोधायला लागत. “येतंय मी. उशीर झालो.” काकी म्हणत, “जेवान जावा.” कुणी जेवायला थांबवलं तर नाही म्हणू नये, म्हणून काका थांबत. जेवल्यावर झोप येई, आणि जायचं राहून जाई. असं रोज. काकीही त्यांना ‘पाव्हणे’ म्हणायला लागल्या. माणूस बायकोला विसरला, पण दुसऱ्याच्या घरी कसं वागायचं ते विसरला नाही, याचं मला नवल वाटे.

पाहुणा म्हणून सगळं निभावत होतं, फक्त आंघोळ सोडून. परक्या घरात, परक्या बाईसमोर कपडे कोण काढणार? त्यांच्या आणि आमच्या न्हाणीत एकच भिंत, त्यामुळे रोजची झटापट मला ऐकू येई. “बाईमाणसासमोर माका जमाचा नाय. तुमी भायर जावा.” काकी बाहेर गेल्या की ते नुसते उभे राहत. मुलगा नाशिकला, तो येई तेव्हा त्यालाही ओळखत नसत. आंघोळ घालायला एक पुरुष मदतनीस ठेवून पाहिला, तर काकांनी त्याला चोर समजून तांब्या मारला. खाज वाढली, पाठीवर खाजवून खाजवून जखमा झाल्या. ‘हे असंच चाललं तर त्यांना एखाद्या केंद्रात ठेवावं लागेल, तिथे माणसं असतात,’ असं मुलगा म्हणाला. काकींनी त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. पण मुलगा वाईट नव्हता आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, म्हणूनच काकी घाबरल्या होत्या. काकांना आंघोळ घालता आली नाही तर ते घरात राहणार नाहीत, इतकं ते साधं झालं होतं.

वाट काढली ती काकांनीच, तीही न कळत. फळीवर वाळत घातलेल्या साबणाच्या वड्या त्यांना खोबऱ्याच्या वाटल्या. एक उचलून त्यांनी चावा घेतला. काकी स्वयंपाकघरातून धावत आल्या तेव्हा काका तो घास तोंडात तसाच धरून बसले होते, कारण लोकांच्या घरी दिलेलं थुंकायचं नाही. “कशी आसा?” काकींनी घाबरून भलतंच विचारलं. काकांनी विचार केला. “गोड कमी,” ते म्हणाले, आणि मग ओठांच्या कडेने फेस आला. काकींनी त्यांना थुंकायला लावलं, चूळ भरायला लावली, डॉक्टरांना फोन केला. काळजी करू नका, पाणी द्या, असं ते म्हणाले. तो खाऊ नव्हे, साबण आहे, हे काकांना कळलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. “तुमी येवढ्या मेहनतीन केलास, नि मी खाल्लंय.” काकी म्हणाल्या, “काय बिघडला नाय. पण आता जरा लावन बघा, नि कसो झालो ता सांगा. माका कोण सांगणारा नाय.”

काम सांगितलं की काकांना नाही म्हणता येत नसे, ही त्यांची जन्माची खोड. ते न्हाणीत गेले, काकी दाराबाहेर उभ्या राहिल्या, आणि कितीतरी दिवसांनी मला भिंतीपलीकडून आंघोळीचा धड आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी गंभीरपणे मत दिलं, “फेस बरो येता. वास नाय ह्या चांगला.”

तेव्हापासून काकींच्या साबणाला खंड नव्हता. एका घाण्यात तुळस, एकात हळद, एकात चहा जरा कडक, एकात नुसतंच तेल कमी. आम्हाला वाटे, बाईला परिपूर्ण साबणाचा ध्यास लागला आहे. बोरीवलीच्या एका महिला मंडळाने प्रदर्शनात स्टॉल देऊ केला, तर काकी म्हणाल्या, “अजून बरोबर जमूक नाय.” मी म्हटलं, “काकी, साबण झकास आहे की.” त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मला साध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. “चांगलो झालो म्हणून सांगितलंय तर पाव्हण्यांका उद्या काय विचारू?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक नव्या साबणाला एक मत लागत होतं, आणि मताशिवाय आंघोळ नव्हती.

पितृपंधरवड्यात त्यांनी एक घाणा घातला, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी टोकलं की या दिवसांत नवीन काम करत नाहीत. एरवी असल्या बाबतीत काकी त्यांच्याही पुढे. पण आता घातला नाही तर दिवाळीत साबण ओला राहिला असता. “नवीन खंय? म्हातारी जुनीच आसा,” असं सांगून त्या घुसळत राहिल्या. शास्त्र आपल्याला हवं तिथे वळवून घ्यायची ही कला आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच येते, पण इतक्या शांतपणे कुणाला येत नाही.

त्या दिवाळीपर्यंत काकांचे हात थकले. साबण हातात देऊन काकी बाहेर थांबत, आणि आत नुसतं पाणी वाहत राही. अंगाला साबण कसा लावायचा तेच ते विसरले होते. आता आत जायला हवं होतं, आणि परकी बाई आत येणं काकांना चालणार नव्हतं. काकी मला म्हणाल्या, “पाडव्यापर्यंत बघतंय. नाय जमला तर पोराक फोन करतंय.”

काका त्यानंतर माघात गेले, घरात, त्यांच्याच पलंगावर. मुलाने नेलं नाही. तशी वेळच आली नाही. बारावं-तेरावं झाल्यावर काकींनी बरणी प्राचीला परत केली. उरलेल्या वड्या सोसायटीत वाटल्या. मंडळाच्या बाया पुन्हा विचारायला आल्या, तर त्यांना चहा पाजला आणि आता साबण करत नाही असं सांगितलं. लोक म्हणतात, एवढी हातातली कला सोडली. मी त्यावर बोलत नाही. मला पाडव्याची सकाळ ठाऊक आहे.

पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचं असतं. मी आमच्या न्हाणीत पाणी काढत होते. पलीकडे दार वाजलं आणि काकांचा घाबरलेला आवाज आला, “तुमी आत कित्याक इलास?”

“नवीन साबण केलंय. पाठीक लावन बघूक होयो. तुमचो हात पोचाचो नाय.”

मी तांब्या खाली ठेवला.

“तुमचा लगीन झाला हा?” काकांनी विचारलं.

“होय.”

“मगे? तुमच्या घोवाक चलात?”

“तेका इचारूनच इलंय.”

मग पाट सरकवल्याचा आवाज आला. ते खाली बसले असावेत. “मगे लावा,” ते म्हणाले. “भलो माणूस दिसता तुमचो घोव.”

“आसा,” काकी म्हणाल्या आणि त्यांनी पाणी ओतलं.