उपाशीपोटीही

वडीगोद्रीच्या तातेरावला जुलाब लागले, तेव्हा पहिला संशय आला तो भावजय दैवशालाच्या भाकरीचा. बायको मागेच वारलेली, लेकरू नाही, मोसंबीची बाग त्याच्या नावावर, आणि जेवण धाकट्या भावाच्या, रामकिसनच्या घरचं. आपण गेलो तर बाग कुणाकडे जाईल हे दैवशालाला ठाऊक असणारच, असं तो मनाशी म्हणे.

जुलाब म्हणजे नुसतं पाणी. गोळ्या झाल्या, सलाइन झालं, आठवडे उलटले तरी थांबेनात. मग तो डबा शेतात नेऊन भाकर कुत्र्याला टाकी आणि त्याच्याकडे बघत बसे. कुत्रं ठणठणीत. 'थोडंथोडं घालत असंल,' तातेराव स्वतःला सांगे. त्यानं हातानं भात शिजवून पाहिला, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं; फरक नाही. शेवटी खाणंच सोडलं. दोन दिवस निव्वळ पाण्यावर काढले, तरी पोट वाहतच राहिलं. पायांतला जोर गेला.

रामकिसननं त्याला अंबडला डॉक्टर नीलाबाईंकडे नेलं. भावाला बाहेर बसवून तातेराव हळूच म्हणाला, "मॅडम, घरातून मला कायतरी चारून राह्यलेत. मी तर जेवणच बंद केलं."

"आणि जुलाब?"

"बराबर तेवढेच."

नीलाबाई म्हणाल्या, "मग जेवणात काही नाही, तातेराव. तसं असतं तर उपाशीपोटी जुलाब थांबले असते."

त्यांनी त्याला संभाजीनगरला पाठवलं. तिथं स्वादुपिंडात लहानशी गाठ सापडली. आतड्यानं एरवी मीठ-पाणी आत ओढून घ्यायचं. पण ही गाठ रक्तात एक हार्मोन सोडत होती आणि त्याच्या हुकमानं आतडं अंगातलंच मीठ-पाणी बाहेर ओतत होतं. तातेरावला हेही पटेना. ऑपरेशनच्या नावाखाली बाग लिहून घेत असतील, म्हणून त्यानं संमतीचा कागद भावाकडून नाही, नर्सकडून वाचून घेतला.

गाठ काढली आणि जुलाब थांबले.

घरी आल्यावर दैवशालानं ताट वाढलं. भाकरीचा तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला, मग ताट पुढं सरकवलं.

"हे कशाला?"

"मॅडमला काय सांगितलं ते यांनी दाराआडून ऐकल्तं, दादा."

तातेरावला मान वर करवेना. "उद्यापासून असं करू नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तिनं तुकडा मोडलाच.