शुशुनियाच्या डोंगरावर हरवलेली किल्ली

कोलकात्याहून मुलांना घेऊन एखादा सोपा डोंगर चढायचा असेल तर बाँकुड्याजवळचा शुशुनिया गाठा, एवढंच सांगायला बसले होते. पण आमच्या फेरीची हकीकत टाळून ते सांगता येत नाही. गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही कोलकात्यात बालीगंजला राहायचो, आमचे हे बँकेत, बदलीवर आलेले. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. त्यातली एक यांच्याकडे. गावाबाहेर जायचं तर ती सही करून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, असा नियम. "एका रविवारासाठी कोण एवढी लिखापढी करतंय," म्हणत यांनी ती करदोट्याला बांधली आणि निघालो.

शनिवारी बँक अर्धा दिवस. दुपारी हावड्याहून गाडी, बाँकुड्यात ओळखीच्यांकडे मुक्काम, सकाळी बस. बस पायथ्याशी सोडते. तिथे दगडातून झरा वाहतो; पाणी तिथेच भरून घ्या, वर थेंब मिळत नाही. मुडी म्हणजे कुरमुरे आणि आलूर चॉप म्हणजे बटाट्याची तळलेली टिक्की, हेही खालीच घ्या, अगदी स्वस्तात पोटभर होतं. मुलांना कॅनव्हासचे बूट घाला.

झऱ्यापाशी यांनी कंबर चाचपली, तर करदोटा विरलेला. "द्या इकडे," मी म्हटलं. बालीगंजला शेजारच्या बंगाली काकू किल्ल्या पदराच्या टोकाला बांधून खांद्यावरून मागे टाकायच्या. ती ऐट मला फार आवडायची. मीही तशीच बांधली. त्यांचा हात जन्माचा सरावलेला, त्यात साड्या सुती. माझी निसरडी नायलॉनची. पण शहाणपणा मिरवायचा होता ना!

चढ तासा-दीड तासाचा. आधी सालाच्या झाडांतून पायवाट, मग नुसते खडक. नऊ वर्षांचा अजय पुढे, पाच वर्षांची मीनू कधी यांच्या खांद्यावर, कधी माझ्या कडेवर. माथ्यावर घाम पुसायला पदर ओढला, तर टोक हलकं.

किल्ली गेली होती. कोणाला न सांगता मी दगडांमागे शोधत फिरले. शेवटी सांगितलं. हे खडकावर बसले.

"उद्या दहाला बँक उघडेल," ते म्हणाले, "आणि तिजोरी उघडणार नाही."

नोकरी जाणार, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली.

उतरताना चौघंही माना खाली घालून. अजय बिचारा सांगत होता, "इथे मीनू पडली. इथे तू पाणी दिलंस." प्रत्येक ठिकाणी पाचोळा उपसला. शेवटची बस चारला होती. ती चुकली तर रात्रीची हावड्याची गाडीही चुकणार; पण किल्लीशिवाय परत जाऊन तरी काय करायचं होतं?

झऱ्याजवळ एक म्हातारी पत्रावळ्यांसाठी सालाची पानं जुळवत बसली होती. अजयने बंगालीत विचारलं. त्याचं बंगाली त्याच्या मराठीपेक्षा बरं. तिने पदराची गाठ सोडली. आत आमची किल्ली. वाटेवर सापडली, कोणीतरी शोधत येईल म्हणून थांबलेय, म्हणाली. यांनी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"चाबी तो गिन्नीर काछेइ थाके." किल्ली घरच्या बाईकडेच असते.

मग माझ्या पदराला तिनेच गाठ मारून दिली, तीनदा ओढून. मी तिथेच रडले.

बस धावत पकडली. सोमवारी पहाटे हावडा, दहाला हे बँकेत. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "किल्ली माझ्याकडून काढून घेतली."

"साहेबांना कळलं कसं?"

"मीच सांगितलं."

"मिळाली होती ना? मग कशाला?"

"काही तास ती कोणाच्या हातात होती, हे मला माहीत नव्हतं. ते सांगायला नको?"

"आणि हरवली कोणी, ते विचारलं नाही?"

"विचारलं. मी म्हटलं, मी."

त्या वर्षीची बढती गेली. पुढे कोणी कारण विचारलं की हे म्हणायचे, "माझाच निष्काळजीपणा." मी शेजारीच बसलेली असायचे आणि गप्प राहायचे. शुशुनियाचा माथा कसा दिसतो ते मला आता धड आठवत नाही, ते गप्प राहणं तेवढं आठवतं. हे जाऊन पाच वर्षं झाली. चारचौघांत मी आज पहिल्यांदा सांगतेय, किल्ली मी हरवली होती.