खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

खंडेनवमीला आमच्या संस्थेत कात्री, स्टेपलर, कोणीच वापरत नाही असा टाइपरायटर आणि रेकॉर्डिंगचे मायक्रोफोन यांची पूजा होते. त्या वर्षी आमच्या कार्यवाहांना वाटलं, सर्व्हरलाही त्यात घ्यावं.

"अहो, सगळ्यात जास्त काम तोच करतो. एक दिवस विश्रांती नको का त्याला?"

"त्याला विश्रांतीची सवय नाही," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला. सर्व्हर रीतसर बंद झाला, त्याच्यावर झेंडूचा हार चढला, पेढे वाटले गेले. दसऱ्यानंतर मी बटण दाबलं तेव्हा आतून टक् टक् असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. कित्येक वर्षं न थांबता फिरत असलेली डिस्क एकदा थांबली ती थांबलीच.

आमची संस्था छोटी, पेठेतल्या एका इमारतीत दोन खोल्यांची. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आणि ती इंटरनेटवरून ऐकवायची, एवढंच काम. वाचणारे सगळे हौशी, बहुतेक निवृत्त बायका. मी ग्रंथपाल म्हणून लागले होते. ज्या मुलानं हा डिजिटल संग्रह उभा केला तो परदेशी गेला आणि सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. पुस्तकातून आणि शिव्या देत देत जेवढं शिकता येतं तेवढं मी शिकले.

पहिला फोन विद्यार्थ्यांचा येईल असं वाटलं होतं. आला तो कात्रजच्या काकांचा.

"अहो ताई, आज आमची ही बोलत नाहीये."

'ही' म्हणजे काकू. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आठवड्यातून दोनदा बसनं आमच्याकडे यायच्या आणि पाठ्यपुस्तकं वाचायच्या. सगळ्यात कडक वाचक. एक अनुस्वार निसटला तरी परिच्छेद पुन्हा घ्यायच्या, आणि रेकॉर्डिंग चालू असताना मी फाइल सरकवली तरी मधल्या काचेतून डोळे वटारायच्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द सापडायचा नाही. स्पीच थेरपिस्टनं सुचवलं की ओळखीचा आवाज ऐकवा, त्याच्याबरोबर म्हणायला लावा. काकूंना स्वतःच्या आवाजाएवढा ओळखीचा दुसरा कुठला असणार?

नियमाप्रमाणे संग्रह फक्त अंध विद्यार्थ्यांसाठी होता आणि पुस्तकांच्या हक्कांमुळे फाइल कोणालाच उतरवून घेता येत नसे, नुसती ऐकता येई. मी नियम जरा वाकवला आणि काकांना पासवर्ड दिला. तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर जेवणाच्या टेबलावर मोबाइल उभा करून काकू स्वतःच वाचलेला भूगोल ऐकायच्या. तो अभ्यासक्रम बदललेला, ते पुस्तक आता दुसरं कोणीही ऐकत नव्हतं. हळूहळू त्यांना शब्द आले. पठार. खनिज. मृदा. काका मला म्हणाले होते, "मला 'अहो' म्हणायच्या आधी 'मृदा' म्हणाली. ठीक आहे, माझा नंबर पुढच्या धड्यात असेल."

आता मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत होतं आणि काकू टेबलाशी बसून वाट बघत होत्या. मला कार्यवाहांचा भयंकर राग आला. मग त्यांच्यासमोर मुकाट्यानं पेढा खाल्ल्याबद्दल स्वतःचाही आला.

बुधवार पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानात डिस्क घेऊन गेले. दुकानदारानं ती कानाशी धरली. "मॅडम, हे कोणी बंद केलं?"

"पूजा होती."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढे काही बोलायची गरज उरली नाही. तरी त्यानं चार दिवस खपून बरंच काही वाचवलं. रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर होती, ती धडधाकट निघाली. पण त्यात एक मेख होती. आमच्या संग्रहात फाइल नावानं ठेवलेली नसते, लांबलचक आकड्यानं ठेवलेली असते. कुठला आकडा म्हणजे कुठलं पुस्तक, कुठला धडा, कोणाचा आवाज, हे डेटाबेसला ठाऊक. डेटाबेस बचावला होता, पण तो उघडेना. म्हणजे काकूंचा आवाज माझ्या टेबलावर होता आणि हजारो आकड्यांमधला तो कुठला, हे मला सांगता येत नव्हतं.

नव्या संगणकावर सगळं पहिल्यापासून बसवायला घेतलं. हे सॉफ्टवेअर एकट्यानं उभं राहत नाही. त्याच्याखाली 'जावा' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर लागतं, नोंदींना डेटाबेस लागतो, शोधायला वेगळं इंजिन लागतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची ठरावीकच आवृत्ती चालते. कुकर आईच्या वेळचा आणि बाजारात रिंग फक्त नव्या मॉडेलची, ही वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना माझी अवस्था कळेल. नवा जावा टाकला तर संग्रह उठेना. जुना टाकला तर शोधाचं इंजिन रुसलं. नव्या डेटाबेसनं जुन्या नोंदी बघितल्या आणि सरळ सांगितलं, हे माझ्या काळातलं नाही. त्याची जुनी आवृत्ती आता तयार मिळत नव्हती, मूळ कोड आणून ती इथेच बांधायची होती, आणि त्या बांधणीला लागणाऱ्या गोष्टींची पुन्हा एक यादी होती. यादीतली एक वस्तू आणावी तर ती आपली वेगळी यादी काढून दाखवायची. इंग्रजीतल्या लाल ओळी वाचून वाचून माझं डोकं उठायचं.

आणि रोज सकाळी फोन.

"अहो ताई, झालं का?"

"नाही काका. होईल."

"घाई नाही. सहज विचारलं."

सहज वगैरे काही नव्हतं. एके दिवशी त्यांनी सांगितलं, खनिज गेलं. दोन-तीन दिवसांनी पठार गेलं. त्यांनी स्वतः पुस्तक आणून वाचून दाखवायचा प्रयत्न केला तर काकूंनी ते मिटून बाजूला ठेवलं. "माझे उच्चार पसंत नसावेत," काका म्हणाले. हसायचा प्रयत्न होता, पण तो काही जमला नाही. मग मृदाही गेली आणि काकू टेबलाशी येऊन बसेनाशा झाल्या. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी कीबोर्डसमोर बसून रडले. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, की मी सर्व्हर उभा करेन तोवर तिकडे ऐकणारंच कोणी उरणार नाही.

यंत्र आपल्याला हवं तसं वागत नसेल तर हातानं करावं. मी हेडफोन लावला आणि आकड्यांच्या फाइली एकेक करून उघडायला लागले. दोन ओळी ऐकायच्या, आवाज कोणाचा ते ओळखायचं, पुढे जायचं. इतिहास वाचणारे एक मेजर, बीजगणित वाचताना दमणाऱ्या एक आजी, आता हयात नसलेले दोघं-तिघं. बाकीची कामं बाजूला टाकून मी तेवढंच करत राहिले. आणि एका दुपारी, जेवणाचा डबा अर्धा तसाच असताना, कानात काकू आल्या. भूगोलच. पण ही साफसूफ केलेली फाइल नव्हती. वाचक चुकतो, खोकतो, पाणी पितो ते सगळं असलेली कच्ची प्रत होती. पक्की शोधत बसायला धीर नव्हता. मी ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि कात्रजची बस पकडली.

दार काकांनी उघडलं. काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना उठवून टेबलाशी आणायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. मी लॅपटॉप लावला.

खुर्ची सरकल्याचा आवाज, घसा साफ केल्याचा आवाज, मग तो खणखणीत स्वर. दख्खनचं पठार. काकू निश्चल होत्या. त्यांचे ओठसुद्धा हलत नव्हते. काका त्यांच्याकडे बघत होते आणि मी टेबलक्लॉथकडे.

आवाज पुढे म्हणाला, "या पठाराचा उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे असून..."

काकूंच्या कपाळाला आठी पडली. तीच, काचेतून दिसायची ती. त्यांनी उजवा हात कसाबसा उचलला आणि टेबलावर आपटला.

"चु..." त्या म्हणाल्या. "चुकलं."

आणि त्यांच्यानंतर, लॅपटॉपमधून, त्यांचाच जुना आवाज वैतागून म्हणाला, "अं, चुकलं. पश्चिमेकडून पूर्वेकडे. पुन्हा घेते."

मग काकांनी चष्मा काढला.

"अहो ताई," ते म्हणाले, "लग्न झाल्यापासून स्वतःबद्दल हा शब्द हिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोय मी." आणि ते ढसाढसा रडायला लागले. काकू त्यांच्याकडे नापसंतीनं बघत राहिल्या.

निघताना मी ती फाइल काकांच्या मोबाइलवर टाकून दिली. सर्व्हर त्यानंतर काही दिवसांनी उभा राहिला. जुना डेटाबेस अखेर बांधला गेला, आकड्यांना नावं मिळाली. पक्की फाइल सापडल्याचं कळवायला मी काकांना फोन केला.

"छान झालं. पण आमच्याकडे चुकलेलंच चालू आहे. बरोबरचं ऐकायला ती तयार नाही."

महिन्याभरात पठार परत आलं. खनिज आलं. एकदा तर "अहो" सुद्धा आलं, चहात साखर कमी होती म्हणून. मृदा मात्र अजून आलेली नाही. काका रोज सकाळी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीतली चिमूटभर माती आणून काकूंच्या तळहातावर ठेवतात, आणि त्या ती बोटांनी चुरत बराच वेळ बघत बसतात.