रेम्पबाईंनी शिकवलेला शब्द

जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या त्या चढावरच्या गल्लीत हानेलोरे रेम्पबाईंचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि हे त्या स्वतःच अभिमानाने सांगत. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेली बाई. पाकीट हातात घेतलं की आत प्रेमपत्र आहे की वकिलाची नोटीस, हे न उघडता कळतं, असा त्यांचा दावा होता. नवरा गेल्यावर मागची खोली त्या विद्यापीठात वर्षभरासाठी येणाऱ्या परदेशी मुलामुलींना देऊ लागल्या. चौदा जण राहून गेले, एकालाही बाईंनी 'तू' म्हटलं नाही. त्या गावात 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचं हे वयाने मोठं माणूस ठरवतं, आणि एकदा ठरलं की दोघांनीही एकमेकांना 'तू' म्हणायचं असतं. बाईंनी हे आयुष्यात फार तर चार जणांच्या बाबतीत ठरवलं होतं.

पंधरावी आली ताम्ता. जॉर्जिया देशातल्या कुताइसीची, बावीस वर्षांची, जर्मन शिकायला आलेली. जिना झाडायची ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर तिथे पाटी लटकवतात. बाईंच्या दारावर पाटी आली त्या शनिवारी ताम्ताने कुणी न सांगता सगळा जिना पुसून काढला. बाईंनी कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं. धूळ नव्हती. ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"एवढं चांगलं कोण कशाला वागेल?" त्यांनी तळमजल्यावरच्या हेफेलेबाईंना विचारलं.

"घाण सापडली असती तर बरं वाटलं असतं का गं तुला?"

"निदान मुलगी कशी आहे ते तरी कळलं असतं!"

ताम्ता बोलायची अगदी पुस्तकी. "मी आता माझ्या निवासस्थानाकडे निघते," असं ती बेकरीत म्हणाली आणि बाईंना हसू आवरेना.

"अहो, असं बोललात तर लोक उठून उभे राहतील. आमच्याकडे घरी जाण्याला सरळ 'हाइम' म्हणतात. मी हाइम चालले, झालं!"

ताम्ताने तो शब्द वहीत लिहून घेतला आणि त्या दिवसापासून ती जिकडेतिकडे तोच वापरू लागली.

जानेवारीत हेफेलेबाई बर्फावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी आली, स्वयंपाकघराचं दार लावून तीन दिवस फोनवर कुजबुजत राहिली, आणि फेब्रुवारीत हेफेलेबाई हाइममध्ये गेल्या. म्हाताऱ्या माणसांना नेऊन ठेवतात त्या जागेलाही तिथे हाइमच म्हणतात. रेम्पबाई दर बुधवारी वेणीसारखा वळलेला गोड पाव घेऊन मैत्रिणीला भेटायला जात. एकदा पाहतात तर हेफेलेबाईंच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी हिरवा स्वेटर.

"धुण्यात अदलाबदल होते," हेफेलेबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

चाळीस वर्षं जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नव्हता, ती बाई तासाभरात एवढंच बोलली. रेम्पबाई घाबरल्या. आपलं घर सोडायचं नाही, न्यायचं तर शवपेटीतून न्या, असं त्यांनी परतीच्या बसमध्ये ठरवून टाकलं. उजवा गुडघा हल्ली जिना चढताना दगा द्यायचा. ते त्यांनी मुलापासून लपवलं. मुलगा फोल्कर उल्मला असे, दर रविवारी फोन करी, आणि बाई दर रविवारी खणखणीत आवाजात सांगत, "मला काय धाड भरलीय!"

मे महिन्यात एका दुपारी त्या धुण्याची टोपली घेऊन स्वयंपाकघराशी आल्या. दार लावलेलं. आत ताम्ता फोनवर बोलत होती.

"हो, फोल्कर, जुलैतच. परीक्षा संपली की मी त्यांना हाइम नेते... नाही, अजून सांगितलेलं नाही. एकदम सांगितलं तर ऐकायच्या नाहीत. गुडघ्याचं मी बघते. कागदपत्रांचं तेवढं तुम्ही करा."

बाई टोपली तशीच धरून दाराबाहेर उभ्या राहिल्या. मग एकेक गोष्ट आठवू लागली. जिना कशासाठी पुसला, ते कळलं. चढावर ही आपली पिशवी का धरायची, ते कळलं. मागच्या महिन्यात जन्मतारीख विचारली होती, वाढदिवसासाठी म्हणे! केवढी पोहोचलेली पोरगी!

घरमालकिणीच्याच घरातली खोली असेल, तर पंधरा तारखेच्या आत चिठ्ठी दिली की महिनाअखेर ती रिकामी करावी लागते. बाईंनी चौदा तारखेला चिठ्ठी ताम्ताच्या हातात ठेवली.

"माझं काही चुकलं का?" ताम्ताने विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक."

"पण माझी परीक्षा जुलैत आहे."

"जुलैत काय काय आहे ते सगळं मला ठाऊक आहे!"

ताम्ताचा चेहरा लाल झाला. "फोल्करनी सांगितलं तुम्हाला? मग... तुम्हाला यायचं नाही?"

"मेले तरी येणार नाही!"

"बरं," ताम्ता खाली मान घालून म्हणाली. "आईला कळवते तसं."

म्हणजे हिची आईसुद्धा सामील! बाईंनी त्या दिवसापासून आपल्या खोलीला आतून कडी लावायला सुरुवात केली. एकतीस तारखेला ताम्ता बॅग घेऊन गेली. जाण्याआधी तिने जिना झाडला होता. पाळी बाईंच्या घराची नव्हती. बाईंनी तरीही बोट फिरवून पाहिलं.

त्या रविवारी फोन आला नाही, फोल्करच आला.

"आई, हे काय करून बसलीस? पोरगी मैत्रिणीकडे जमिनीवर झोपते. परीक्षा तोंडावर आलीय तिची."

"तुमचा दोघांचा डाव ऐकलाय मी. हाइम नेणार होतात ना मला?"

"हो, तिच्या हाइम! कुताइसीला, तिच्या घरी! तीन आठवड्यांसाठी. तिच्या आईने तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. मी तुझ्या पासपोर्टच्या खटपटीत होतो."

"मग सरळ घरी म्हणायचं. हाइम कशाला म्हणाली ती?"

"तिला तो शब्द कुणी शिकवला?"

फोल्कर बराच वेळ टेबलावरच्या मिठाच्या बाटलीशी चाळा करत राहिला.

"खरं सांगू? तुझ्या गुडघ्याचं मला नाताळापासून माहीत आहे. ती सोबत होती म्हणून मी गप्प होतो. जाण्याआधी पुढच्या वर्षासाठी दुसरी चांगली मुलगी बघून देते म्हणाली होती. आता हा जिना, तो गुडघा आणि तू एकटी... हेफेलेबाईंच्या इथे एक खोली रिकामी होतेय, आई. मी नाव घालून आलोय."

बाईंना ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. त्यांनी फक्त ताम्ताचा पत्ता विचारला. गाडीने सोडतो, असं मुलगा म्हणत असताना त्या कठडा धरून खाली निघाल्यासुद्धा.

नेकार नदीपलीकडे, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा तिसरा मजला. लिफ्ट बंद. दार ताम्तानेच उघडलं. हातात पेन्सिल, मागे जमिनीवर गादी आणि तिच्यावर पसरलेल्या वह्या. बाईंना धाप लागली होती. वाटभर जुळवलेली माफीची वाक्यं जागेवर नव्हती.

"ताम्ता," त्या म्हणाल्या, "तू हाइम चल."

ताम्ताने त्यांच्याकडे पाहिलं. बंद पाकिटाकडे बाई पाहायच्या, अगदी तसं.

"कुठल्या हाइम?"

"आपल्या."

ताम्ताने गादीवरच्या वह्या बाजूला सारल्या.

"खाली बस, हानेलोरे," ती म्हणाली. "गुडघा दाखव आधी."